गडी कमी पडला तर

कबड्डीच्या नियमांत एक छोटेसे कलम आहे. सामना सुरू होताना संघातले एक-दोन खेळाडू हजर नसले, तरी सामना सुरू करता येतो. गैरहजर गडी मागाहून आला तर सरपंचाची, म्हणजे मुख्य पंचाची, परवानगी घेऊन मैदानात उतरतो, किंवा त्याच्या जागी राखीव खेळाडू घेता येतो. तोवर समोरच्या संघाने हजर असलेले सगळे गडी टिपले, तर न आलेलेही बाद झाले असे धरून लोण दिला जातो. दुसरे एक कलम असे आहे की उजेड गेला, जोराचा पाऊस आला किंवा दुसरे काही संकट ओढवले आणि सामना त्या सत्रात पुरा झाला नाही, तर तो पुन्हा खेळवावा. आणि पुन्हा खेळताना पहिल्या वेळचेच खेळाडू असले पाहिजेत असे बंधन नाही. स्पर्धेच्या आयोजकांखेरीज ही कलमे फारसे कोणी वाचत नाही. पण मला ती या खेळाच्या इतिहासातली सर्वांत बोलकी कलमे वाटतात. ज्यांनी ती लिहिली त्यांना गाव माहीत होते. गडी कमी पडणे आणि सामना वाहून जाणे हा हौशी खेळातला अपघात नाही, ती त्याची रोजची स्थिती आहे, हे ते धरूनच चालले होते. पोटासाठी दुसरे काही करणारी माणसे जो खेळ खेळतात, त्या खेळाचे आयुष्य त्याच्या डावपेचांपेक्षाही या एका गोष्टीवर ठरते: माणूस आला नाही तर तो खेळ काय करतो?

पेण-रोह्याच्या पट्ट्यात हा प्रश्न किती खरा आहे, ते इथले वर्ष पाहिले की कळते. पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या रेल्वेवर नागोठणे सोडले की निडी लागते आणि त्यापुढे रोहा. अशा गावांत जून-जुलै लावणीचा. घरातला प्रत्येक हात चिखलात असतो, मैदान तर पाण्याखालीच. भात कापून, झोडून घरात येईपर्यंत दिवाळी उलटते. त्यानंतर शेत मोकळे होते, पण तेही सगळे नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल टाकायची इथली जुनी रीत आहे, आणि वालाच्या शेतात कबड्डीची पाटी आखता येत नाही. रोहा तालुक्यात आणखी एक गोष्ट आहे. भिऱ्याच्या वीजघरातून कुंडलिकेत सुटणारे पाणी डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांत वळवले जाते, आणि ते पाणी ज्या शिवारात पोहोचते तिथे उन्हाळी भातही उभे राहते. म्हणजे ज्या गावाला पाणी आले त्याचे शेत खेळासाठी आणखी कमी दिवस मोकळे राहिले. माणसांची गोष्टही अशीच. कोकणातल्या घरातला एक तरी मुलगा मुंबईत. तो शिमग्याला आणि गणपतीला येणार, मधे आला तर आला. पुढे धाटावची औद्योगिक वसाहत उभी राहिली, नागोठण्याला पेट्रोकेमिकलचा मोठा कारखाना आला, आणि गावातच राहणारे तरुण पाळीने कामावर जाऊ लागले. मग संघातला सर्वांत चांगला चढाईपटू रविवारी मैदानात असेल की नाही, हे त्या आठवड्याच्या पाळीवर ठरू लागले. अशा ठिकाणी पक्क्या सात जणांचा, पक्क्या वेळापत्रकाचा खेळ कागदावरच राहिला असता.

कबड्डी इथे रुजली त्याचे कारण तिच्या घडणीत आहे. ती मुळातच माणसे कमी होण्याचा खेळ आहे. गडी बाद झाला की संघ सहाचा होतो, मग पाचाचा, मग तिघांचा. उरलेल्यांनी अंगण कसे सांभाळायचे, यातच निम्मे कौशल्य. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हुतूतूचे, म्हणजे कबड्डीचे, नियम बांधायला माणसे बसली तेव्हा त्यांच्यापुढे तीन प्रकार होते, आणि तिन्ही एकाच प्रश्नाची तीन उत्तरे होती: बाद झालेल्याचे करायचे काय? अमर प्रकारात बाद झालेला गडी बाहेर जातच नसे, समोरच्याला नुसता गुण मिळे. गामिनी प्रकारात तो गेला तो गेलाच. एक बाजू पुरती संपेपर्यंत बाहेर बसायचे. संजीवनीत तो बाहेर जाई, पण त्याच्या संघाने समोरचा गडी टिपला की पुन्हा जिवंत होऊन आत येई. साताऱ्यात १९१८ मध्ये नियमांची जुळवाजुळव झाली, १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने नियम छापून अखिल भारतीय स्पर्धा भरवली, पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांत दुरुस्त्या केल्या. या सगळ्या खटाटोपातून टिकला तो संजीवनीचा धागा. माझ्या मते ही निवड फार महत्त्वाची ठरली. अमर पद्धतीत संख्येला काही किंमतच राहत नाही. गामिनीत एकदा खाली गेलेला संघ वर येणे कठीण, आणि बाहेर बसलेल्या पोरांचा अर्धा दिवस फुकट. संजीवनीत तूट जाणवते आणि ती भरूनही निघते. पुढच्या काळातल्या नियमांनी तर या तुटीला भाव ठरवून दिला. बोनस रेषा ओलांडल्याचा गुण समोर सहा किंवा सात गडी असतील तेव्हाच मिळतो. पाचावर आलेल्या संघाविरुद्ध तो मिळत नाही. उलट तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी चढाईपटूला धरले तर पकडीचा एक गुण जादा. कमी माणसांच्या बाजूला नियमाने थोडा आधार दिला आहे, दया म्हणून नव्हे, तर सामना शेवटपर्यंत जिवंत राहावा म्हणून.

याच्या शेजारी रग्बी ठेवून पाहावी. हौशी खेळाडूंचा खेळ म्हणून तिच्याइतका अभिमान दुसऱ्या कुठल्या खेळाने बाळगला नसेल, आणि माणसे न येण्याचा फटकाही तिच्याइतका कुणाला बसला नसेल. तो फटका बसल्याचे एक ठसठशीत उदाहरण आपल्याच देशातले आहे. कलकत्त्यात १८७२ च्या नाताळात वीस-वीस जणांचा सामना झाला, इंग्लंडची माणसे एका बाजूला आणि स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्सची दुसऱ्या बाजूला. लगेच १८७३ च्या जानेवारीत कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला आणि वर्षभरात १३७ सभासद झाले. चार-पाच वर्षांत तो बंदही पडला. हवा मानवत नव्हती, फुकट मद्याची सोय संपल्यावर गर्दी ओसरली, पोलो आणि टेनिसकडे लोक वळले, ही कारणे सांगतात आणि ती खोटी नाहीत. पण खेळाचा कणा मोडला तो १८७६ मध्ये तिथली एक पलटण हलली तेव्हा. संघ भरायचा तो त्या सैनिकांवर. ते गेल्यावर दोन बाजू उभ्या करणेच जड झाले. क्लबाने बँकेतली शिल्लक चांदीच्या रुपयांत काढून घेतली. २७० रुपये वितळवून एक चषक घडवला, तीन नागांच्या मुठींचा, झाकणावर हत्ती असलेला, आणि तो इंग्लंडला देऊन टाकला. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्या कलकत्ता कपासाठी खेळतात. माणसे संपली म्हणून बंद पडलेल्या संघाची आठवण जगातल्या फार जुन्या आंतरराष्ट्रीय चषकांपैकी एक होऊन बसली आहे. त्या क्लबाने नियम मोडले नाहीत, पैसे बुडवले नाहीत. वीस जणांच्या खेळाला वीस माणसे देणारी वस्ती त्याच्या पाठीशी नव्हती, एवढेच.

इंग्लंडातही संख्येचा इतिहास उतरताच आहे. आंतरराष्ट्रीय सामने १८७७ मध्ये वीसवरून पंधरावर आले. १८९५ च्या ऑगस्टमध्ये हडर्सफील्डच्या एका हॉटेलात उत्तरेकडच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, ती कशावरून? खाणीतला किंवा गिरणीतला माणूस शनिवारी खेळायला आला की त्याचा रोज बुडे. तेवढी भरपाई द्या, एवढेच मागणे होते. हौसेची शुद्धता जपणाऱ्यांनी ते नाकारले. उत्तरेकडच्यांनी वेगळे होऊन १९०६ मध्ये संघच तेरांचा केला. मूळ संघटना शंभर वर्षे हौशीपणाला धरून राहिली आणि १९९५ मध्ये तिने तो सोडला. या भांडणाकडे पैशाचे भांडण म्हणून पाहिले जाते, पण मुळाशी प्रश्न हजेरीचा होता. ज्याची रोजी शनिवारच्या कामावर आहे त्याला ‘ये’ म्हणायचे, तर त्याच्या गैरहजेरीची काही सोय खेळाने करायला नको का? धाटावच्या पाळीवर जाणाऱ्या तरुणाचा आणि यॉर्कशरच्या खाणकामगाराचा प्रश्न एकच आहे. एकीकडे त्यावरून संघटना दुभंगली. दुसरीकडे नियमाच्या एका कलमात तो विषय आधीच मिटवला गेला होता.

रग्बीने स्वतःच एकदा याचे सुरेख उत्तर काढले होते, आणि ते कबड्डीच्या फार जवळ जाते. स्कॉटलंडच्या सीमेवरच्या मेलरोझ गावात १८८३ मध्ये क्लबाला पैशाची चणचण होती. नेड हेग नावाच्या खाटकाने एका दिवसाची स्पर्धा सुचवली. पंधरा-पंधरांचे सामने एका दुपारी कितीसे होणार? म्हणून संघ सातांचे केले आणि वेळ तोकडा केला. आज ऑलिंपिकमध्ये खेळली जाते ती सात जणांची रग्बी तिथून निघाली. दोन्ही सातांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पण वाट एकच आहे: लहान गाव, थोडी माणसे, एक दिवस, बाद पद्धत. कोकणातली कबड्डीची स्पर्धाही याच साच्यातली. हिशेब करून पाहावा. सोळा संघ आले तर बाद पद्धतीत पंधरा सामने. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव आणि पाच मिनिटांची विश्रांती धरली तर एका सामन्याला पाऊण तास, म्हणजे एकाच मैदानावर सव्वा अकरा तास. संध्याकाळी सातला पहिली चढाई झाली तर अंतिम सामना उजाडल्यावर संपेल. म्हणून दोन मैदाने आखतात, नाहीतर डाव लहान करतात. चिठ्ठ्या टाकून जोड्या लावतात, एखादा संघ आलाच नाही तर समोरच्याला पुढे चाल मिळते आणि स्पर्धा एका संघासाठी अडून राहत नाही. साखळी पद्धतीत एक रद्द झालेला सामना महिनाभर मागे लागतो. त्याला नवी तारीख हवी, मैदान हवे, दोन्हीकडच्यांना पुन्हा सुट्टी हवी. रात्रीच्या स्पर्धेत त्याचा निकाल दहा मिनिटांत लागतो. ‘पुढे चाल’ हा शब्दच किती नेमका आहे: न आलेल्याला त्यात दूषण नाही, आलेल्याला मात्र वाट मोकळी आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो सरळ आहे. कबड्डी टिकली ती स्वस्त आहे म्हणून. चेंडू नको, बॅट नको, बूट नकोत, चुना आणि मोकळी जागा पुरते. संख्येच्या लवचीकतेला उगाच श्रेय कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण तो पुरत नाही, कारण स्वस्ताईच निर्णायक असती तर आट्यापाट्याही गावोगाव टिकायला हव्या होत्या. त्यालाही चुन्याखेरीज काही लागत नाही. हा खेळ महाराष्ट्रात पूर्वी सर्रास खेळला जाई, त्याचेही नियम बांधले गेले, स्पर्धा झाल्या, संघटना अजून आहे. पण खेड्यातल्या संध्याकाळी तो आता क्वचित दिसतो. त्याची रचना पाहा. नऊ आडव्या पाट्या, मधून जाणारी सुराची उभी पाटी, आणि प्रत्येक पाटी एकेका गड्याने धरायची. नवातला एक आला नाही तर एक पाटी उघडी पडते आणि समोरचा तिथून चालत पलीकडे जातो. उरलेल्या आठांनी कितीही मर्दुमकी केली तरी ते भोक बुजत नाही, कारण आपली पाटी सोडून दुसऱ्याची धरायला कुणी जाऊ शकत नाही. कबड्डीत कोपरारक्षक नसला तर मधला एक पाऊल सरकतो, पकडीची साखळी तोकडी होते, पण अंगण राखले जाते. दोन्ही खेळ फुकटात होणारे. एकाला गैरहजेरी पेलते, दुसऱ्याला पेलत नाही. आट्यापाट्या मागे पडण्याची कारणे आणखीही असतील. पण दोघांत जो फरक ठळक दिसतो तो खर्चाचा नाही.

दुसरा आक्षेप शिस्तीचा आहे आणि तो जास्त गंभीर आहे. कमी गड्यांना सूट दिली की संघ उशिरा येतात, ऐनवेळी बाहेरचा खेळाडू आणून उभा करतात, बक्षिसाची रक्कम वाढली की भाड्याचे खेळाडू येतात आणि गावची पोरे राखीव बाकावर बसतात. ही तक्रार खरी आहे. जिल्हा संघटना संघांची आणि खेळाडूंची नोंदणी करते, एका खेळाडूने एकाच संघाकडून खेळावे असा आग्रह धरते, तो याचसाठी. पण इथे दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. सहा जणांनी उभे राहणे आणि सातवा विकत आणणे ही एकच गोष्ट नाही. उलट सहावर खेळू दिले की सातवा विकत आणायची गरजच कमी होते. ज्या स्पर्धेत ‘सात पुरे करा, नाहीतर बाहेर व्हा’ असा दंडक असेल तिथेच आयोजकाच्या डोळ्यांदेखत शेजारच्या गावचा पोरगा दुसऱ्याच्या बनियनमध्ये उतरतो. कडक नियमाने लबाडी थांबतेच असे नाही, पुष्कळदा तो तिला निमित्त देतो. शिवाय कमी गड्यांनी खेळणाऱ्याला नियमाने मोकळे सोडलेले नाही. लोण लवकर चढतो, न आलेला गडीही बाद धरला जातो. शिक्षा आहे, फक्त ती गुणफलकावर आहे, हद्दपारीची नाही.

संख्येची सूट सगळीकडे सारखीच चालत नाही, हेही मान्य करायला हवे. रग्बीत स्क्रममध्ये पुढच्या फळीत उभे राहणाऱ्यांच्या मानेवर आणि पाठीवर समोरच्या आठ जणांचा भार येतो. तिथे सवय नसलेला माणूस नुसती जागा भरायला उभा केला तर जन्माचे अपंगत्व येऊ शकते. म्हणून तिथला नियम असा की पुढच्या फळीला शिकलेला खेळाडू उरला नाही, तर स्क्रम होतो पण कोणी ढकलायचे नाही. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो. एकूण माणसे किती, हा एक प्रश्न, आणि धोक्याच्या जागी कोण, हा दुसरा. पहिल्यात सैल आणि दुसऱ्यात कठोर राहता येते. इंग्लंडच्या रग्बी संघटनेनेही खालच्या स्तरावरच्या सामन्यांत दोन्ही संघांनी ठरवून कमी माणसांत, कमी वेळात खेळायला आता वाट करून दिली आहे. सामना रद्द करण्यापेक्षा लहान करून खेळा, हा विचार त्यांनी शेवटी लेखी स्वीकारला. मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या हिरवळीवर रग्बीचा हंगाम पावसाळ्यात असतो, कारण भिजलेली जमीन पडणाऱ्याला सांभाळून घेते. त्याच आठवड्यांत निडीच्या शिवारात लावणी चालू असते आणि कबड्डीची पाटी चिखलात पुसून गेलेली असते. कुठल्या खेळाला कुठला पाऊस रद्द करतो, हे त्या खेळातली माणसे पावसात काय करतात यावरही ठरते.

गावाच्या या पद्धतीत एक मोठी उणीव मात्र राहिली आहे, आणि ती झाकून तिचे कौतुक करणे मला बरे वाटत नाही. गैरहजेरी पेलणारा हा सगळा व्यवहार पुरुषांच्या येण्या-जाण्याभोवती घडला. मुंबईला गेलेला मुलगा शिमग्याला परत येतो आणि त्याची संघातली जागा त्याची वाट पाहत असते. संघाचे नाव गावदेवाचे, आणि देव त्याचाही. मुलगी लग्न होऊन जाते ती मात्र या हिशेबातून कायमची वजा होते. शाळेच्या संघात जिने चार वर्षे कोपरा राखला, ती सासरच्या गावात पाहुणी आणि माहेरच्या संघात परकी. महिलांचे संघ उभे राहतात आणि दोन-तीन हंगामांत विरतात, यात कौशल्याची कमतरता नाही. विशीच्या आसपास निम्मा संघ वेगवेगळ्या गावांत पांगतो. पुरुषांच्या कबड्डीने पाळी, नोकरी, शेती यांच्यासाठी जी मुभा काढली, ती लग्नासाठी काढण्याचा विचार गावाने केला नाही. नियमपुस्तक इथे आड येत नाही. उशिरा आलेल्या गड्याला सरपंचाने आत घ्यावे असे ते सांगते. तो गडी कुठून आला, किती वर्षांनी आला, हे विचारायला सांगत नाही. अडचण गावच्या मंडळाच्या यादीत आहे, आणि ती यादी दरवर्षी भात घरात आल्यावर, वाल उगवून येईपर्यंतच्या मोकळ्या दिवसांत, कोणीतरी ओटीवर बसून हाताने नवी लिहीत असते.